आईचं पोतं

आईच्या पंचाहत्तरीला अडीच महिने होते तेव्हा मी वहीचं नवं पान काढून तिच्यासमोर बसले. चार पर्याय लिहून ठेवले होते: हॉल घेऊन जेवण, घरी सत्यनारायण, गावी चार दिवस, नाहीतर सोन्याचं काहीतरी. आईने चारही शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "होडीतून समुद्रात जायचंय."

मी पाचवा आकडा घालून ते लिहिलं. साकीनाक्याच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं खरेदी सांभाळते. समोरच्याने यादीबाहेरचं मागितलं की वाद घालायचा नाही, आधी लिहून घ्यायचं, ही तिथली सवय. प्रश्न मग विचारायचे. मी विचारलं, कुठल्या समुद्रात, किती वेळ, कशासाठी.

"कशासाठी ते तुला माहीत आहे," आई म्हणाली.

माहीत होतं. लग्न झाल्यावर, विसाव्या वर्षी, आई देवगडहून आगबोटीने मुंबईला आली. तिचं माहेर आणि सासर दोन्ही घाटाच्या पायथ्याशी. बैल, भात आणि ओढ्यातले मासे एवढंच तोवर पाहिलेलं. रात्रभर बोट हलत होती आणि बाबा ओकून ओकून डेकवर सतरंजी टाकून आडवे झाले होते. उजाडताना, मुंबई पुसट दिसायला लागली तेव्हा, आई कठड्याशी उभी होती. बोटीच्या बाजूला पाण्यातून एक मोठा करडा मासा वर आला. कोणी मोठ्याने श्वास सोडावा तसा आवाज झाला आणि बुडताना त्याच्या पाठीवर वशिंड दिसलं, बैलाला असतं तसं. असं दोनदा झालं. तिने धावत जाऊन बाबांना हलवलं. बाबा डोळे न उघडता म्हणाले, "पोतं असेल वाहून आलेलं."

पुढची चाळीसेक वर्षं बाबांनी ही गोष्ट गिरणीतल्या मित्रांना, पाहुण्यांना आणि आम्हाला सांगितली. दर वेळी शेवटी ते आईकडे वळून विचारायचे, शिंगं नव्हती का गं त्याला. घरात कोणी न पटणारं काही सांगितलं की 'आईचं पोतं' म्हणायची पद्धतच पडली. भावाने दहावीला नव्वद टक्के मिळणार असं जाहीर केलं तेव्हा ते आईचं पोतं होतं. मी उद्यापासून पहाटे उठून चालायला जाणार म्हटलं की तेही. आईसुद्धा सगळ्यांबरोबर हसायची. फक्त हसून झाल्यावर पदराने डोळे पुसत एवढंच म्हणायची, "होतं वशिंड."

मुंबईच्या समुद्रात डॉल्फिन येतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ फिरत असतात. त्यामुळे मासा आम्ही कधीच मान्य केला होता. वशिंडावर मात्र कोणी सही करायला तयार नव्हतं. भावाने एकदा तिला असा व्हिडिओ दाखवला. त्यात पाण्यावर काळं काहीतरी क्षणभर दिसायचं आणि कॅमेरा आकाशाकडे जायचा. आईने विचारलं, "वशिंड कुठाय?" भाऊ म्हणाला, तेवढं नाही आलं यात. मग बाबा गेले. चिडवणाराच उरला नाही, तेव्हा गोष्टही बंद झाली.

आणि हातात वेळ कमी होता. दोन वर्षांपूर्वी आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजायला लागला. दर दीड महिन्याने मी तिला डोळ्यात इंजेक्शन द्यायला नेते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की कडेची नजर राहील, मधली जात जाणार. आई त्याचीही गंमत करते. म्हणते, तुझे कान दिसतात गो मला, नाक नाही दिसत. काही नीट बघायचं असलं की ती मान वळवून भलतीकडेच बघते, म्हणजे ती वस्तू डोळ्याच्या कडेला येते. दुकानदारांना वाटतं, म्हातारी रागावली.

तेव्हा पाचवा पर्याय पक्का केला आणि त्याच्याखाली पोटयादी सुरू केली. बोरिवलीच्या बाजारात माझी वर्षानुवर्षांची मासेवाली आहे. तिच्या नवऱ्याची गोराईला स्वतःची होडी आहे. आता मुलगे मोठ्या बोटीवर जातात आणि हा घरची होडी घेऊन खाडीतल्या खाडीत जाळं टाकतो, सुट्टीला कधी पक्षी बघणाऱ्यांना फिरवून आणतो. बायको त्याला नाखवा म्हणते, म्हणून मीही नाखवाच म्हणायला लागले. फोनवर मी त्यांना सांगितलं, आधी आत तिवरांमध्ये पक्षी, मग खाली खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन, साडेनऊ ते साडेबारा. ते म्हणाले, सात वाजता निघालात तर बरं. मी म्हटलं, सात कसे जमतील, आईचे डोळ्यांचे थेंब, बीपीची गोळी, नाश्ता, सगळं आठच्या पुढे आहे. ते म्हणाले, "पानी बघून निघायचं असतं, ताई." मी वहीत लिहिलं, साडेनऊ.

आईचा आक्षेप वेगळा होता. ती तिचा वाढदिवस तिथीने धरते, पौष पौर्णिमेला. तारखेने तो यंदा रविवारी येत होता आणि पौर्णिमा पुढच्या शनिवारी. शनिवारी माझा कारखाना चालू असतो आणि भावालाही सुट्टी नसते. मी तिला हे दोन वेळा समजावलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "तुझं ऑफिस तारखेवर चालतं, माझा जन्म नाही." मी विषय मिटला असं धरलं आणि रविवार कायम केला.

यादीत शेवटी एकेचाळीस गोष्टी झाल्या. लाइफ जॅकेट चार, त्यातलं एक लहान मापाचं, कारण आई बारीक आहे. टोप्या, गॉगल, पाण्याच्या बाटल्या, गोळ्यांची डबी, थेंब बर्फाच्या पिशवीत. कोलंबीभात, घावणे, गूळखोबरं. जुनी चादर, झाकणाची बादली आणि कपडे वाळत घालायची दोरी. हे कशासाठी ते पंचाहत्तरीच्या बाईला घेऊन तीन तास होडीत बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. आणि दिवे. आमच्यात पंचाहत्तरीला पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळतात. आदल्या दिवशी मी कणीक मळून दिवे केले, उकडून घेतले, म्हणजे प्रवासात मोडत नाहीत, आणि मिठाईच्या खोक्यांत ओळीने बसवले. नवऱ्याला होडी लागते, त्यामुळे त्याने रात्रीच्या जेवणाचं अंगावर घेतलं. भावाच्या बायकोला मुलांची परीक्षा होती. होडीत आम्ही तिघंच जाणार होतो आणि चौथे नाखवा.

रविवारी भाऊ मुलुंडहून निघाला, वाटेत केक घेतला, केक डब्यात नीट बसला नाही म्हणून परत जाऊन बदलून घेतला आणि गोराईच्या जेट्टीवर सव्वादहाला पोचला. केक माझ्या यादीत नव्हता. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "तू यादीत नाही लिहिलंस तर केक नसतोच का गं ताई?"

नाखवा होडीत उभे होते. साठीच्या पुढचे, उन्हाने काळे झालेले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. त्यांनी आईचा हात धरून तिला फळीवरून अलगद आत घेतलं आणि मधल्या बाकावर बसवलं. मग मला म्हणाले, आता आत नको, सरळ तोंडाकडे जाऊ. मी म्हटलं, पक्षी आधी, कारण दहा ते अकरा असं लिहिलंय. त्यांनी पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि इंजिन चालू केलं. त्यांच्या जागी मी असते तर ठाम नाही म्हटलं असतं. पण मी त्यांच्या बायकोचं पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक होते, तो विचार त्यांनी केला असणार.

आत जाताना सगळं यादीप्रमाणे चाललं होतं. बगळे, खंड्या, दोन वंचक, डोक्यावर घारी. मी प्रत्येकावर टिक करत होते आणि आईला दिशा सांगत होते, "डावीकडे, उंच." आई मान उजवीकडे वळवून बघायची आणि म्हणायची, हललं काहीतरी. मुख्य खाडी सोडून आम्ही तिवरांमधल्या एका चिंचोळ्या फाट्यात शिरलो, कारण तिथे छोटे पक्षी जास्त असतात असं मी वाचलं होतं. वीसेक मिनिटांनी इंजिनाचा आवाज बदलला. होडी खाली काहीतरी घासत थोडी पुढे गेली आणि थांबली. नाखवांनी इंजिन बंद केलं, बांबू घेऊन जोर लावला. बांबू हातभर चिखलात गेला, होडी गेली नाही.

अकरा वाजले होते. नाखवांनी बांबू आडवा ठेवला आणि आईला विचारलं, "आज तिथी कंची, आई?"

"नवमी," आई म्हणाली.

त्यांनी बोटांवर हिशोब केला. नऊ त्रिक सत्तावीस, चारने भागले की पावणेसात. म्हणजे सकाळी पावणेसातला भरती पूर्ण झाली आणि तेव्हापासून पाणी उतरतंय, एक वाजेपर्यंत उतरणार. पाणी परत येऊन होडी उचलेपर्यंत अडीच-पावणेतीन. मी विचारलं, आणि पौर्णिमा असती तर. ते म्हणाले, तर सव्वाअकराला भरती. साडेनऊला निघालो असतो तर आत असेपर्यंत पाणी चढतं मिळालं असतं, या फाट्यात आरामात फिरून बाहेर पडलो असतो.

आई माझ्याकडे बघत होती हे मला कळलं, कारण तिने मान पूर्ण दुसरीकडे वळवली होती.

भावाने माझ्या मांडीवरची वही ओढून घेतली आणि एकेचाळीस गोष्टी वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचल्या. मग म्हणाला, "भरती नाहीये गं यात. बादली आहे, भरती नाही." नाखवासुद्धा तोंड फिरवून हसले. माझे कान तापले. एवढ्या वर्षांत कारखान्यात माझ्यामुळे एक दिवस काम थांबलेलं नाही, आणि इथे मी आईला पंचाहत्तराव्या वाढदिवशी चिखलात आणून बसवलं होतं. डॉल्फिन पुढे होते, खाडीच्या तोंडाशी, आणि आम्ही मागे.

पाणी डोळ्यांदेखत उतरत गेलं. अर्ध्या तासात होडीच्या दोन्ही बाजूंना चकचकीत करडा चिखल उघडा पडला आणि त्यात जिकडेतिकडे हालचाल सुरू झाली. बोटाएवढ्या माशांनी चिखलातून डोकी वर काढली, पुढच्या परांवर सरपटत ते आमच्या अगदी जवळ आले आणि उड्या मारायला लागले. नाखवा म्हणाले, निवटे. लाल नांग्यांच्या छोट्या चिंबोऱ्या बिळांतून बाहेर येऊन एकच नांगी हलवत उभ्या राहिल्या. तिवरांतून तुतारी पक्षी उतरले आणि चोच खुपसत आमच्यापासून दहा हातांवर फिरायला लागले. आम्ही हलत नव्हतो, त्यामुळे आम्ही त्यांच्या लेखी एखादा ओंडका होतो.

आई अचानक सरळ बसली. तिची मान एकीकडे होती आणि बोट दुसरीकडे. "तो बघ उडाला. तो दुसरा. ते दोघं भांडतायत." डोळ्याच्या कडेला हलणारं तिला आमच्याइतकंच दिसतं, कदाचित जास्त. सगळा चिखलच हलत होता. ती निवटे मोजत बसली आणि नाखवांना विचारत राहिली, कालवण करता का याचं, आंबट काय घालता. नाखवा सांगत होते, ती मधेच दुरुस्ती सुचवत होती. त्यांनी एकही मानली नाही.

साडेबाराला मी जेवण काढलं. थेंब घातले, गोळी दिली. चादर आणि दोरीचा उपयोग झाला. त्या वेळी नाखवा आणि भाऊ पाठ करून उलट दिशेच्या एका खंड्याबद्दल फार गंभीरपणे बोलत होते. मग मी दिव्यांची खोकी उघडली. ओवाळणं मी तोंडाशी पोचल्यावर ठेवलं होतं. तिथे वाऱ्यात काय झालं असतं याचा विचार मी केला नव्हता, हे आता लक्षात आलं. इथे तिवरांच्या आडोशाला वारा मुळीच नव्हता. भावाने दोन परातींत दिवे मांडले, मी वाती घालून तूप सोडत गेले. शेवटच्या खोक्यातला एक दिवा त्याच्या हातातून निसटला आणि काठावरून चिखलात पडला. दोन निवटे लगेच बघायला आले.

मी म्हटलं, चौऱ्याहत्तर झाले. कणीक नाही, आता काय करायचं.

"राहू दे," आई म्हणाली. "मला पंचाहत्तर पूर्ण व्हायला अजून सहा दिवस आहेत."

चौऱ्याहत्तर दिवे दुपारच्या उन्हात फारसे दिसत नाहीत. मी परात घेऊन ओवाळलं, मग भावाने. नाखवांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. आईने परातीकडे न बघता दोन्ही तळवे पुढे केले आणि ऊब घेऊन गालांना लावली. मग केक कापला. केक चांगला होता, हे मी भावाला सांगितलं नाही.

पावणेतीनच्या सुमाराला फाट्याच्या टोकाकडून पाण्याची एक जीभ चिखलावरून सरकत आली. निवटे बिळांत गेले. होडीने आधी एका बाजूला अंग हलवलं, मग दुसऱ्या, आणि ती तरंगली. मुख्य खाडीत आल्यावर नाखवांनी मला विचारलं, कुठे घेऊ.

मी घड्याळ बघितलं. ठरलेली वेळ टळून अडीच तास होऊन गेले होते. आई सकाळपासून लाकडी बाकावर बसलेली, चेहरा उतरलेला, संध्याकाळी घरी माणसं जेवायला येणार. मी म्हटलं, परत जेट्टीवर.

आई म्हणाली, "तोंडाशी जायचं राहिलं."

मी तिला समजावलं. आता ऊन समोरून येईल, पाण्यावर चकाकी असेल, त्यात चांगल्या डोळ्यांना दिसत नाही. तुला काहीच दिसणार नाही आणि दमशील मात्र. आपण पुन्हा येऊ, पौर्णिमेला येऊ, नीट तिथी बघून.

"गो, मला कुठे बघायचंय," आई म्हणाली. "मी बघितलाय. तुला दाखवायचाय."

ती पुढे म्हणाली, "तुझे बाबा गेले पोतं पोतं करत. मी गेले की ते पोतंच राहणार. तू लिहून ठेवतेस ते घरात सगळे खरं धरतात. तू बघ, आणि तुझ्या त्या वहीत लिही."

अडीच महिने मी हे काम चुकीच्या नावाखाली लिहून ठेवलं होतं. आईला दाखवणे, असं. भावाने ओढून घेतलेली वही माझ्या हातात परत दिली. मी नाखवांना म्हटलं, तोंडाकडे घ्या. ते म्हणाले, आताच खरी वेळ आहे, चढत्या पाण्याबरोबर मासळी आत येते आणि तिच्या मागे गादा येतो, म्हणजे डॉल्फिन. सकाळी त्या वेळेला गेलो असतो तर बहुतेक काही नसतं. हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच, हे मी विचारलं नाही.

उजव्या हाताला मनोरीची माडांची रांग आली, डावीकडे मार्वे. पुढे पाणी रुंद झालं आणि होडी उचलून खाली ठेवल्यासारखी हलायला लागली. नाखवांनी इंजिन बंद केलं. आम्ही थांबलो. समोर खरोखरच चकाकी होती. मी गॉगल लावून डोळे बारीक करून एका बाजूने दुसऱ्या बाजूला बघत होते, कारखान्यात माल मोजते तसे पट्टे पाडून.

दहा मिनिटांनी भाऊ ओरडला, तिथे. पाण्यात करडं, फुगीर काहीतरी वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. मी उभी राहिले. नाखवांनी होडी हळूच वल्ह्याने जवळ घेतली. ते प्लास्टिकचं पोतं होतं, हवा भरून फुगलेलं.

भाऊ आधी तोंड दाबून बसला. मग त्याला आवरेना, मलाही. आईने विचारलं, काय आहे, आणि आम्हा दोघांना सांगता येईना. नाखवा म्हणाले, पोतं हाय, आई. मग तीही हसायला लागली, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पाठवलंन बघ," ती म्हणाली. कोणी पाठवलं ते सांगायची गरज नव्हती.

ती डोळे पुसत असतानाच तिने हात वर केला. "गप्प."

मला काही ऐकू आलं नव्हतं. मग आलं. पाठीमागून, मनोरीच्या बाजूने, कोणी जड ओझं खाली ठेवून श्वास सोडावा तसा आवाज. मी वळले. वीस-पंचवीस हातांवर पाणी फुटलं आणि एक लांब चोच आणि करडं कपाळ वर आलं. मग पाठ आली, कमानीसारखी, सावकाश, आणि पाठीच्या मधोमध एक उंचवटा, लांबट, चांगला भरीव, आणि त्याच्यावर छोटासा पर. ऊन आमच्या पाठीवर होतं. इतकं स्वच्छ दिसलं की मला त्याच्यावरचे ओरखडेही दिसले. तो गेला आणि त्याच्या मागून दुसरा, लहान, फिकट रंगाचा.

नाखवा म्हणाले, गादा. बरोबर पिल्लू.

आईचा चेहरा समुद्राकडे नव्हता, माझ्याकडेही नव्हता. "दिसला?"

"दिसला."

"वशिंड?"

"आहे."

"कुठे?"

"पाठीच्या मधोमध. त्यावर पर आहे, छोटा."

"बैलासारखं?"

मी जरा विचार केला. "बैलाएवढं उंच नाही. लांबट आहे. पण वशिंडच."

"मी कुठे म्हटलं बैलाएवढं," आई म्हणाली. "तुझे बाबा म्हणायचे बैलाएवढं. लिही."

मी लिहिलं. होडी हलत होती, त्यामुळे अक्षर वाकडं आलंय. दुपारी चार वाजून दहा मिनिटं, मनोरीच्या बाजूला, दोन, एक मोठा, एक पिल्लू. वशिंड आहे. खाली मी सही केली. भावाने वही घेतली आणि साक्षीदार म्हणून त्यानेही केली. नाखवांनी पेन घेतलं नाही, त्यांचा शब्द धरा म्हणाले. त्यानंतर ते दोघे आणखी तीनदा वर आले. प्रत्येक वेळी आईला आवाज आमच्याआधी कळला.

शनिवारी, पौर्णिमेला, मी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली. मूठभर कणीक मळून एक दिवा केला. आईने तो बाबांच्या फोटोसमोर ठेवला, स्वतः वात लावली आणि मला वही आणायला सांगितली. मी वाचलं. वेळ, जागा, संख्या, वशिंड आहे, सही, साक्षीदार. तिने ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं, जरा मोठ्याने.

मग ती खिडकीकडे मान वळवून उभी राहिली, म्हणजे फोटो तिच्या डोळ्याच्या कडेला आला.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "आता म्हणा पोतं."